‘लव’ म्हटलं की चतुराबाई

हिंगोलीच्या जुन्या छावणीच्या मैदानावर दर माघात बायकांची टेनिस स्पर्धा भरायची. पूर्णेच्या रेल्वेसाहेबाची आयरिश बायको, मिशन दवाखान्यातल्या इंग्रज नर्सबाया, सिलोनची एक मास्तरीण, अशा देशोदेशीच्या बाया खेळायला यायच्या. मैदान शेणानं सारवून चुन्याच्या रेघा आखायचं काम चतुराबाईचं. ओल्या सारवणावर कुणी बूट घालून आलं, की समोर मडम असो वा तहसीलदार, ती झाडू उगारायची.

१९३६ सालच्या पहिल्या सामन्यात पंच तातेराव मास्तर ओरडले, "फिफ्टीन लव!" चतुराबाईला वाटलं, मास्तर आपल्यालाच लवायला सांगून राहिले. शिकल्यासवरल्या माणसाचं ऐकावं म्हणून तिनं पदर सावरला आणि कमरेत वाकून नमस्कार केला. आयरिश बाईला वाटलं, इथली रीतच असेल. तीही चतुराबाईकडं वळून वाकली. पुढच्या साली ‘लव’ ऐकलं की साऱ्याच खेळाडू तिच्यापुढं वाकू लागल्या.

अकराव्या वर्षी मास्तरांनी हसत हसत खुलासा केला, "चतुराबाई, लव म्हणजे शून्य. लवायचा अन् त्याचा काई संबंध न्हाई."

चतुराबाईनं चुन्याचं घमेलं खाली ठेवलं.

"मास्तर, जलमभर मीच समद्यांपुढं वाकले. हितं मडमा माझ्यापुढं वाकून राहिल्या. तुमी त्यायला काईबी सांगू नका. अन् उद्या ‘लव’ जरा मोठ्यानं ओरडा."