सासूबाईंची तार

माझ्या सासूबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी छताकडे बघत, मग माणसांकडे. नाशिकला मला बघायला आल्या तेव्हाही त्यांनी तेच केलं. मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी, आणि या बाई खिडकीतून आमच्या परसाकडे टक लावून बसलेल्या. शेवटी पहिला प्रश्न आला, तोही माझ्या वडिलांना. "तो नारळ तुमचाच का हो? किती उंच असेल?" इतका नारळाचा सोस असलेल्या घरात मुलगी द्यावी का, यावर पुढे आमच्याकडे बरीच चर्चा झाली. लग्न होऊन इंदूरला आल्यावर मला उलगडा झाला. त्यांना नारळ नको होते. त्या झाडाला तार बांधता येईल का, एवढंच त्या बघत होत्या.

सासूबाईंना हॅम रेडिओचा, म्हणजे घरच्या बिनतारी सेटवरून दूरदूरच्या माणसांशी बोलण्याचा, नाद होता. त्यांचा थोरला भाऊ महूला लष्करात सिग्नलमध्ये होता. त्याच्याकडून त्या मुलीच्या वयातच मोर्सच्या लिपीचं कट्ट-कडकट्ट शिकल्या, पुढे सरकारी परीक्षा दिली आणि स्वतःच्या नावाचं लायसन्स आणि कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखीचं नाव, मिळवलं. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून घरी आल्या की एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हाताने सेटचं बटण. अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या आमच्या त्या घरात जिन्याखाली एक खोली होती. इतर घरांत तिथे लोणच्याच्या बरण्या असतात. आमच्या बरण्या स्वयंपाकघरात दाटीवाटीने राहत, कारण खोली सेटने अडवली होती.

मला पहिले काही महिने वाटायचं, हा खेळ आहे. नंतर समजलं की तो त्यांचा संसारच होता, आमच्या संसाराला समांतर चाललेला. सकाळी चाळीस मीटरच्या बँडवर, म्हणजे लहरींच्या एका पट्ट्यावर, त्यांची रोजची बैठक भरे. एक जण एकेकाची कॉलसाइन पुकारी, आणि भोपाळ, नागपूर, बडोदा अशा गावांतून माणसं 'हजर' म्हणत. दुपारनंतर वीस मीटरवर परदेश लागे, आणि दिवे लागले की ऐंशी मीटरवर पुन्हा आसपासची मंडळी. प्रत्येक बँडची तार वेगळ्या लांबीची, म्हणून छतावर तीन तारा. त्यांच्यात माझे पापड वाळत. एकदा मी त्यातल्या एकीवर माझ्या सासऱ्यांचं, नानांचं, धोतर टाकलं, तेव्हा सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडल्या. "अगं, ते भोपाळ आहे!"

सेटशेजारी एक मीटर होता. सेटमधून तारेत पाठवलेल्या शक्तीपैकी किती वाया जाऊन परत येते, ते त्याची सुई दाखवी. तार त्या बँडला जुळली की सुई तळाशी निजायची. नाही जुळली तर उठून बसायची. सासूबाईंची सगळी खटपट त्या सुईला निजवण्याची. माणसांनाही त्या तेच माप लावत. शाळेत एखादी मुलगी सारखी उलट बोलली, तर त्या रागवायच्या नाहीत. घरी येऊन म्हणायच्या, "मी पाठवते ते सगळं परत येऊन राहिलं. मलाच कुठे तरी जुळवायला पाहिजे."

त्याच काळात नानांची कापडाची मिल बंद पडली. नाना विणाई खात्यात जॉबर होते. साचे, म्हणजे माग, नीट चालतात की नाही, ताण्याचं उभं सूत सैल पडलं का, हे बघायचं त्यांचं काम. मिलबरोबर नानांचं बोलणंही बंद पडलं. गल्लीत जाणं त्यांनी सोडलं. घरातल्या सगळ्या पलंगांची नवार मात्र त्यांनी उसवून पुन्हा विणली, आणि इतकी कसून की आमच्याकडे झोपलेला पाहुणा कूस बदलताना उसळायचा. पलंग संपले तेव्हा ते नुसते बसून राहू लागले. सासूबाईंनी त्यांना उपदेश केला नाही. फक्त त्यांच्यासमोरून जाताना त्या जरा हळू जात.

मिलचं धुराडं थंड झालं आणि गल्लीत रंगीत टीव्ही आले. पप्पू नावाच्या पोऱ्याने छताछतांवरून केबल ओढली आणि बघता बघता तो मोहल्ल्याचा जावई झाला, ज्याच्या त्याच्या घरी चहा. टीव्हीत जरा काही बिघडलं की पप्पू बोट आमच्या छताकडे दाखवी. समोरचे गुप्ताजी एका संध्याकाळी अवघडून दारात उभे राहिले.

"काकीजी, बुरा मत मानना. आप बोलते हो और मेरे टीवी पे लहरिया साड़ी चलने लगती है. बच्चे लोग परेशान हैं. आप तो अपना तार मेरी टंकी से खोल लो."

हा घाव मोठा होता. घर आमचं अरुंद. तारांचं एक टोक मागच्या कडुनिंबाला आणि दुसरं गल्ली ओलांडून गुप्ताजींच्या पाण्याच्या टाकीच्या खांबाला बांधलेलं. टाकी गेली की तार गेली, आणि तार गेली की सेट म्हणजे नुसता डबा.

सासूबाईंनी वर टाकीच्या खांबाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "गुप्ताजी, तीनों तार उतार दूँगी. एक ही लगाऊँगी, सब बैंड के लिए, जो टीवी में ना घुसे. मैच वाले संडे को आपके टीवी पे टेस्ट करेंगे. एक भी लाइन मेरी निकली, तो तार नीचे और लायसन्स वापस."

"आई, लायसन्स कशाला मध्ये आणलं?" गुप्ताजी गेल्यावर मी म्हटलं.

"कारण तारेशिवाय ते भिंतीवर टांगून काय करायचंय? पूजा?"

त्या एवढंच बोलल्या, पण त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. ज्या बाईला गावोगावची माणसं नावाने ओळखत होती, तिचं बोलणं एका रविवारी कायमचं बंद होऊ शकत होतं. घरात एक गप्प माणूस आधीच होतं. मला पहिल्यांदा त्या तारेची काळजी वाटली.

आता प्रश्न, एक तार सगळ्या बँडांना चालवायची कशी? सासूबाईंनी आधी पंखा करून पाहिला, म्हणजे मध्याच्या एकाच जागेवरून वेगवेगळ्या लांबीच्या तारांच्या जोड्या पसरायच्या. मी जिन्याखाली मीटरपाशी आणि त्या छतावर पक्कड घेऊन. "सुई बघ न जरा, कुठे चालली?" मी सांगायचं, त्या बोटभर कापायच्या. तार त्या नेहमी आधी लांबच ठेवत. "कापता तर कधी भी येतं," म्हणत, "जोडलेली तार जोडलेलीच राहते." पण पंखा काही जमेना. थोरल्या जोडीला कापलं की धाकटीची सुई उठे, धाकटीला समजावलं की थोरली रुसे. "जावांसारख्या आहेत मेल्या," असं म्हणून त्यांनी पंखा उतरवला. मग तारेत मधेमधे गुंडाळ्या बसवून बघितल्या. त्यांच्या वजनाने तार झोळीसारखी लोंबली.

शेवटी त्यांनी ठरवलं ते असं. वर एकच लांब तार, मधोमध तोडलेली. त्या मध्यापासून खाली खोलीपर्यंत दोन तारा शेजारी शेजारी, शिडीसारख्या, सगळीकडे सारख्या अंतरावर, म्हणजे एकीची गळती दुसरी मारते आणि टीव्हीत काही शिरत नाही. आणि खोलीत एक पेटी, जिची दोन बटणं फिरवून दर बँडला सुई निजवायची. वरची तार एकदाच लावायची, पुढचं सगळं जुळवणं खाली बसून. शिडीच्या पायऱ्यांना मात्र वीज न वाहणारं, पावसात न भिजणारं काहीतरी हवं होतं, आणि सगळ्या पायऱ्या एका मापाच्या.

त्यांनी नानांना हाक मारली. "अहो, मिलच्या कांड्या मिळतील का कुठे? लाकडाच्या?"

नानांनी मान वर केली. साच्याच्या धोट्यात बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत भरलेली कांडी बसते. मिलचं सामान भंगारात निघालं होतं आणि त्या कांड्या लोक बंब पेटवायला नेत होते. नानांना ते बघवत नसे, म्हणून ते बाजारात जातच नसत. त्या दिवशी मात्र त्यांनी टोपी घातली, गेले, आणि पोतंभर कांड्या सायकलवर लादून आणल्या. मी त्या जुन्या पातेल्यात मेणात उकळल्या. घरभर तो वास कितीतरी दिवस राहिला. नाना अंगणात बसून प्रत्येक कांडीच्या दोन्ही टोकांना खाच पाडत होते आणि पाडलेली खाच अंगठ्याने तपासत होते.

तार चढली, सुया निजल्या, आणि दुसऱ्या दिवशी वारा सुटला. कडुनिंब डोलला, तार ताणून तुटायला आली, मग सैल पडली. सुया पुन्हा उठल्या. सासूबाई पायरीवर मटकन बसल्या. "रविवारी वारा आला तर संपलंच मग."

नाना छताकडे बघत होते. तसेच बघत म्हणाले, "तू ती झाडाला बांधतेस कशाला?"

"मग कशाला बांधू?"

"वजनाला. साच्यावर ताणा कुणी गाठ मारून बांधतं का? वजन टांगतात. सूत सैल झालं तर वजन खाली येतं, ओढलं तर वर जातं. ताण तेवढाच राहतो."

मिल बंद झाल्यापासून नाना एका दमात इतकं बोलले नव्हते. त्यांनी कडुनिंबाला कप्पी लावली, तारेची दोरी तिच्यावरून सोडली आणि खाली भंगारातून आणलेलं साच्याचंच लोखंडी वजन टांगलं. झाड हललं की वजन खालीवर होई आणि तार आपली जागच्या जागी. सासूबाईंनी खोलीत जाऊन सुई पाहिली, परत आल्या आणि आम्हा सगळ्यांदेखत नानांचा हात धरला. आमच्या घरात असलं काही कधी होत नसे. नाना लाजून कप्पीला तेल घालायला गेले.

रविवारी गुप्ताजींच्या हॉलमध्ये निम्मी गल्ली जमली. मॅच रंगात आलेली, मी गॅलरीच्या दाराशी उभी. इथून हाक मारली की नाना आमच्या छतावरून ती खाली खोलीत सासूबाईंना पोचवणार, असं ठरलं होतं. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि पडद्यावर पट्ट्या उमटल्या. चांगल्या जाड, आडव्या. एकच गलका झाला.

"लो, आ गई! आ गई काकीजी की साड़ी!" पप्पू ओरडला. "मैं तो कब से बोल रिया था, भिया!"

मी गॅलरीत धावले. मी नानांना 'बंद करा' म्हणून ओरडणार, एवढ्यात मागून शांत आवाज आला.

"कौन आ गई, बेटा? मैं तो यहीं बैठी हूँ."

सगळ्यांनी वळून पाहिलं. सासूबाई जिन्याजवळच्या खुर्चीवर गुप्ताजींच्या आईशेजारी बसून शेव खात होत्या. सुरू करण्याआधी चित्र एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, म्हणून त्या पाचच मिनिटांपूर्वी गुपचूप आल्या होत्या. सेट बंद होता. खोलीला कुलूप होतं, आणि किल्ली त्यांच्या कमरेला.

असं हसणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. गुप्ताजींची आई तर पदराने डोळे पुसत होती. पप्पू छतावर पळाला. तिथे त्याचा केबलचा जोड नुसत्या चिकटपट्टीवर लोंबकळत होता आणि वाऱ्याने हलत होता. त्याने तो दाबून धरला आणि चित्र लख्ख झालं. मग सासूबाई घरी गेल्या, चाळीसवर बोलल्या, वीसवर बोलल्या, ऐंशीवर बोलल्या. मी दर वेळी गॅलरीतून ओरडत होते, "साफ आहे! एकदम साफ!" तिसऱ्यांदा हॉलमधली पोरंही माझ्याबरोबर ओरडली.

गुप्ताजी स्वतः पेढे घेऊन आले. सासूबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या, "पहले वाली कुछ लाइनें मेरी भी थीं, गुप्ताजी. जो मेरे बोलने पे नाचती थीं वो मेरी, जो एक जगह टिकी रहती थीं वो पप्पू की." गुप्ताजींनी हात जोडले आणि पुढे टाकीचा खांब रंगवून घेताना तारेची गाठ तेवढी सोडून रंगवला.

त्याच संध्याकाळी वीस मीटरवर एक जपानी माणूस लागला. आवाज फार मोठा येतोय, कुठली अँटेना, असं त्याने विचारलं. सासूबाई ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "वन वायर, सर. इंदौर टेक्स्टाइल मिल टेक्नॉलॉजी." दाराशी उभ्या नानांनी ते ऐकलं. त्यांनी चपला घातल्या, गल्लीत गेले आणि भेटेल त्याला थांबवून सांगू लागले की आपल्या मिलचं वजन आज जपानपर्यंत पोचलं. ते जेवायला उशिरा आले, आणि जेवतानाही बोलतच होते.

पुढे सासूबाईंनी मलाही सोडलं नाही. मी पोळ्या लाटायची आणि त्या डब्याच्या झाकणावर चमच्याने अक्षरं वाजवायच्या. अक्षर चुकलं की म्हणायच्या, "पोळी करपू दे, अक्षर नाही." मी कुरकुरत परीक्षा दिली आणि पास झाले. पण त्या असेपर्यंत सकाळच्या बैठकीत मी तोंड उघडलं नाही. ती खुर्ची त्यांची होती.

त्या गेल्या तेव्हा पाऊस नुकताच सरला होता. नाना त्यांच्या आधीच गेले होते. तेरावं झाल्यावर सकाळी मी खोली उघडली, सेट लावला आणि चाळीस मीटरवर आले. त्या लोकांत एक रीत आहे. गेलेल्या माणसाची कॉलसाइन शेवटची एकदा पुकारतात आणि त्याच्या उत्तराएवढा वेळ सगळे गप्प राहतात. सासूबाईंची कॉलसाइन पुकारली गेली. भोपाळ, नागपूर, बडोदा, कुणी बोललं नाही. सेटमधून नुसती खरखर येत होती आणि मला रडू आवरत नव्हतं.

मग मी पेटीची बटणं फिरवली, सुई निजवली, माइक हातात घेतला आणि माझी कॉलसाइन दिली. क्षणभर कुणाला कळेना, ही कोण. मग नागपूरचे म्हातारे काका म्हणाले, "नवीन स्टेशन, सुस्वागतम. सिग्नल फार जोरदार आहे तुमचा, ताई. अँटेना कुठली?"

मी म्हटलं, "तार आईंचीच आहे."