खोक्यातल्या अक्षता

बायकोचा कॉम्प्युटर बंद पडला तो माझ्या हाताने. लेकीला मी वर्षभर सांगत होतो, लाईट गेली, आली, त्यात गेला. अर्धं खरं होतं. राहिलेलं अर्धं मला आणि डिचोलीच्या एका मेस्ताला, यंत्रं दुरुस्त करणाऱ्याला, माहीत होतं आणि त्या माणसाने ते पोटात ठेवलं. म्हणून आधी त्याचे उपकार मानतो.

आमचं घर गोव्यात चोपड्याला, नदीच्या अंगाला. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, मग होडीवर, आणि गुडघे गेल्यावर शेतात. बायको वेंगुर्ल्याकडची, दहावी पास. पन्नाशी उलटल्यावर ती लेकीकडून कॉम्प्युटर शिकली. लेक डिचोलीला दिलेली. तिने नवा घेतला तेव्हा जुना आमच्याकडे आला, वर पडदा आणि बाजूला उभा लोखंडी खोका. जनेलाकडच्या, खिडकीजवळच्या मेजावर बायकोने तो मांडला आणि वाड्यावरच्या लोकांचे फॉर्म भरून द्यायला लागली. कुणी चार बांगडे आणून दिले तर घ्यायची, नाही दिले तर विचारायची नाही.

मी तिला चिडवायचो, "तुझो दुसरो घोव उठलो काय गो?"

"उठलो. तो निदान गप तरी बसता," ती म्हणायची.

शेवटच्या वर्षी तिला दम लागायचा, डोंगर चढवेना. तिला काळजी एकच, माटोळीची. चवथीला आम्ही गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतो आणि तिला रानातली, परसातली फळं, शेंगा, फुलं बांधतो, ती माटोळी. हल्ली बाजारात सगळं जुड्या बांधून मिळतं. तिला ते चालायचं नाही. कुठली वेल कुठल्या धोंड्यामागे येते, कुणाच्या कुळागरात, सुपारीच्या बागेत, विचारायचं, हे सगळं तिच्या डोक्यात. मी फक्त कोयता घेऊन मागून चालायचो. चाळीस वर्षं मागून चाललो, वाट काही पाठ झाली नाही.

मग एका दुपारी तिने कानाला ती बोलायची वायर लावली आणि खोक्यासमोर बसून सगळं बोलून ठेवलं. मी शेजारी कोकमाची सोलां निवडत होतो. मला तेव्हा हसू आलं. यंत्राला काय माटोळी सांगते ही!

आषाढात ती गेली. वर्षभराचं सुतक, म्हणून त्या वर्षी गणपती धाकट्या भावाकडे पुजला. मी रोज सकाळी खोका चालू करायचो, पडद्यावर उजेड आला की थोडा वेळ बसून बंद करायचो. चालू करणं आणि बंद करणं एवढंच मला लेकीने शिकवलं होतं. तिचा आवाज आत आहे हे माहीत होतं. ऐकायची हिंमत होत नव्हती. आत आहे ना, मग बस, असं चाललं होतं माझं.

खंडेनवमी आली. सुतकात सण नाही, पण हत्यारांची पूजा मी चुकवली असती तर ती वरून बोलली असती. कोयता पुजला, विळे पुजले, जाळं पुजलं. मग खोका.

ती कशी पुजायची ते मी बघितलेलं होतं. खोक्यावर धुतलेला फडका, त्यावर एकच सुकं फूल. हळद-कुंकू, अक्षता सगळं पुढ्यात मेजावर, केळीच्या पानाच्या तुकड्यावर. मी तिला म्हटलं होतं, एवढीच पूजा? तर म्हणाली, "तेका पोटभर वाढूक तो काय जावई आसा?" मला ते कंजूषपणाचं वाटायचं. तिच्या माघारी मी ठरवलं, तिच्या वस्तूला कमी पडू द्यायचं नाही. झेंडूचा हार घातला. कुंकवात भिजवलेल्या अक्षता वरून टाकल्या, दोन मुठी. तुळशीच्या पानाने पाणी शिंपडलं. खोक्याच्या डोक्यावर जाळी होती, ती माझ्या डोळ्यांना दिसली नाही असं म्हणणार नाही. दिसली. पण देवाच्या नावाने टाकलेलं वाईट करील असं डोक्यात आलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी गडगडाट सुरू झाला. परतीचा पाऊस आमच्याकडे असाच येतो, कापलेलं भात शेतात पडलेलं असताना. आभाळ काळं झालं की बायको आधी त्या खोक्याची पिन काढायची, मग वाळत घातलेले कपडे. मी भात झाकायला धावलो. लाईट गेली, आली, परत गेली, आणि आली ती असा उजेड पाडून की शेजारणीचा दिवा फुटला. पिन तशीच भिंतीत.

सकाळी बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. भिंतीतल्या त्याच भोकात पंखा लावून बघितला, पंखा गरगर फिरला. लेकीला फोन केला.

"बाबा, वायर काडा, बटण थोडो वेळ दाबून धरा, मगे परत लावा."

तसंही केलं. दोनदा, चारदा. मग ओल धरली असेल म्हणून खोका अंगणात उन्हात ठेवला, सुकी मासळी ठेवतात तसा, आणि कावळ्यांना हाकलत बसलो. संध्याकाळी लावला. मेलेला तो मेलेलाच.

लेक म्हणाली, "बाबा, टाकून द्या तो खोको. नवो घेवया."

"नव्या खोक्यात तुझ्या आवशीचो आवाज असतलो काय गो?"

ती रडली. मग म्हणाली, आमच्या बाजारात एक मेस्त आहे, त्याच्याकडे आणा.

मी पोत्यात चादर घातली, चादरीत खोका, आणि सकाळची बस पकडली. मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर आला.

"आजोबा, नारळ आसत तर पोतां मागे ठेवा."

"नारळ नाय. कॉम्प्युटर."

"पोत्यात? म्हापशाच्या बाजाराक इकूक चललात?"

"आधी तुका इकतंय. गप रव."

सगळी बस हसली. पण म्हापशाला बस बदलताना त्यानेच पोतं उचलून दुसऱ्या बसपर्यंत आणलं, आणि तिथल्या कंडक्टरला सांगितलं, आजोबांच्या अंगावर कुणाला पडू देऊ नको. त्याचेही उपकार.

मेस्त पन्नाशीचा असेल. सिंधुदुर्गातला. खाणी चालू होत्या तेव्हा टिपरांच्या, खनिज वाहणाऱ्या ट्रकांच्या, वायरिंगचं काम करायचा. खाणी बंद झाल्या, टिपर गंजले, आणि हा घरी जाण्याऐवजी कॉम्प्युटर शिकला. दुकान एवढंसं, पण स्वच्छ. मी पोतं उघडल्यावर हसला नाही.

"काकानू, आत काय महत्त्वाचा आसा?" त्याने पहिलं हेच विचारलं.

मी म्हटलं, "बायको."

त्याने माझ्याकडे बघितलं, कपाळाकडे, हाताकडे. सुतकाची दाढी अजून पुरती काढलेली नव्हती मी. "बसा," म्हणाला आणि स्टूल पुढे केलं.

पाठचे स्क्रू काढून त्याने बाजूचा पत्रा सरकवला. वाकून बघितलं, बॅटरीचा उजेड टाकून बघितलं, नाक जवळ नेलं.

"हेच्यात पाणी गेलेला दिसता. वर काय ठेवलात?"

"कायच नाय."

"काकानू, खरां सांगा."

"लायटीन गेलो. मोठो उजेड पडलो," मी म्हटलं. आवाज चढवून म्हटलं. खोटं बोलणाऱ्याचा आवाज चढतोच.

त्याने चिमटा घेतला, पंख्याच्या पात्यातून काहीतरी ओढून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. तांदळाचा दाणा. कुंकवाने लाल झालेला, फुगून परत सुकलेला. मग दुसरा. मग झेंडूची पाकळी. तो काढत होता आणि मी हात पुढे धरून होतो, प्रसाद घेतात तसा. वीसेक दाणे झाले.

"लाईट येताना जोरात इली, तां खरां," तो म्हणाला. "पण पंखो अडकलेलो, आत ओल. म्हणून वीज देणारो डबो जळलो. दसऱ्याक आमी टिपरांची पूजा करू. नारळ फोडू, हार घालू, चाकाखाली लिंबू ठेवू. पण इंजिनात भात कोण वाढना नाय."

मी मान खाली घातली. म्हटलं, "ती बाहेरच ठेवायची. पानावर. मीच शहाणपण केलं."

आणि तिथे, त्या दुकानात, मला कळलं की तिची पूजा कंजूष नव्हती. फडका जाळीवर होता. फूल सुकं होतं. ती वस्तूला ओळखून पुजत होती. मला चाळीस वर्षं असंच ओळखून वाढलं असणार तिने, माझं पित्त, माझा राग, सगळं बघून. आणि मी म्हणायचो, एवढंच?

मेस्ताने जळलेला डबा काढून दुसरा घातला. ब्रशने सगळं झाडलं. हिरव्या पट्ट्या उपसल्या आणि शाळेतली मुलं वापरतात त्या खोडरबराने त्यांची कडा घासली. मला वाटलं थट्टा करतोय. म्हणाला, "तांब्यावर काट चढता, ता काडूक ह्योच उपाय." बटण दाबलं. पंखा फिरला. पण पडद्यावर काळ्यात पांढरी अक्षरं आली आणि तिथेच थांबली.

मी स्टुलावरून उठून उभा राहिलो.

"घाबरू नकात. यंत्र उठला. आता साठवणीची पेटी वाचता काय बगूया." त्याने आतून एक चपटी पेटी काढली, आपल्या कॉम्प्युटरला जोडली, आणि कान लावून ऐकत बसला, डॉक्टर छातीला लावतो तसा. मध्ये दोन गिऱ्हाईकं आली. त्यांना म्हणाला, दुपारनंतर या. मला चहा आणि उंडे, आमचे गोल पाव, आणून दिले. चहा तसाच निवून गेला. ती गेल्यावरचे तेरा दिवस मी रडलो नव्हतो, लोक दगड म्हणत होते मला. त्या स्टुलावर बसून मी पहिल्यांदा देवाकडे काही मागितलं. तिला परत दे असं नाही मागितलं, मी एवढा खुळा नाही. म्हटलं, माटोळी तेवढी राहू दे.

दुपार कलायच्या आत मेस्ताने मला पडद्याजवळ बोलावलं. "वाचूक येता मां?" तिने मराठीत नाव दिलं होतं. माटोळी. ते मला वाचता आलं.

"लावू?"

मी मान हलवली. हो की नाही, मलाच कळलं नाही. त्याने लावलं, आणि स्वतः बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

"ऐकलात? पयली कांगणां. ती देवळामागच्या धोंड्याकडे. सकाळीच जावा, नायतर दुसरे काडून न्हेतले. घागऱ्यो तुमी दरवर्षी इसरतात. वाजणाऱ्यो शेंगो, पोरांच्या खुळखुळ्यासारख्यो, आता तरी ध्यानात ठेवा. कवंडळ लाल झालेलांच हाडा, हिरवां नको..." मध्ये कुणीतरी खोकलं. तो मी. लगेच तिचा आवाज, "खोकतात कित्याक मदीच? सोलां सोडा आणि भायर जावन खोका." आणि मी त्यात हसलेला ऐकू आलो.

मी तिथे रडलो. मोठ्याने रडलो. मेस्त आत आला नाही.

त्याने तो आवाज एका छोट्या पेनासारख्या वस्तूत भरून दिला, दुसरा लेकीसाठी वेगळा. पेटीची ढिली वायर बदलली, ती खोक्यात परत बसवली आणि खोका चालू करून दाखवला. वर जाळीवर हात ठेवून म्हणाला, "हय काय नाय. फडको चलात." लेक घ्यायला आली तेव्हा तिने विचारलं, काय झालं होतं? मी तोंड उघडायच्या आत मेस्त म्हणाला, "लायटीचा झटका, ताई. कोणाचीय चूक नाय." कुंकवाचे दाणे त्याने कागदाच्या पुडीत बांधून माझ्या खिशात घातले होते.

यंदा सुतक फिटलं, गणपती घरी आला. चवथीच्या आधी चार सकाळी मी तिचा आवाज लावून बसलो आणि कागदावर लिहून घेतलं, थांबवून थांबवून. कांगणांचे घोस मिळाले. तोरिंग, ते मोठं लिंबासारखं फळ, शेजारणीने आपण होऊन दिलं, म्हणाली, तुमच्या बायकोने माझ्या पेन्शनचा फॉर्म भरला होता. घागऱ्यांसाठी दोनदा डोंगर चढलो, गुडघे धरून. माटोळी बांधून झाली तेव्हा लेकीने मोजून बघितली. काही राहिलं नव्हतं.

मेस्ताला जेवायला बोलावलं होतं. बायको-मुलांना घेऊन आला. नेवऱ्या खाताना लेक त्याला म्हणाली, त्या दिवशी तुम्ही होता म्हणून आईचा आवाज राहिला, नाहीतर ती लाईट...

"लाईट नाय," मी म्हटलं. "मी दोन मुठी अक्षता घातल्या आत."

मेस्त ताटात बघत होता.

"बाबा! खोक्यात?"

"खोक्यात. हारासकट."

ती इतकी हसली की ठसका लागला. मेस्ताची बायकोही हसली. मग लेक डोळे पुसत म्हणाली, "आई असती तर तुमका कितें म्हटलां असतां?"

"जावई आसा काय तो, म्हटलां असतां."

उद्या खंडेनवमी. फडका धुऊन वाळत घातलाय. एक झेंडू उन्हात सुकवायला ठेवलाय, एकच. आणि त्या पुडीतल्या अक्षता मेजावर पानात ठेवीन, खोक्याच्या पुढ्यात, तिच्या जागेवर.