स्वतःलाच लिहिणारा प्रोग्रॅम

वर्षा माझी विद्यार्थिनी. एका दुपारी कॉलेजच्या लॅबमध्ये तिनं मला हाक मारली, "सर, बघा ना." तिनं प्रोग्रॅम चालवला आणि पडद्यावर त्याच प्रोग्रॅमच्या ओळी उमटल्या, शेवटच्या कंसापर्यंत जशाच्या तशा. स्वतःची फाइल न उघडता तो स्वतःला लिहून दाखवत होता. शेजारी तिची वही पडली होती, खाडाखोड करून पानंच्या पानं काळी झालेली.

"याचा उपयोग काय?" मी सगळ्यांदेखत विचारलं. मुलं हसली.

"काही नाही सर," ती म्हणाली आणि तिनं फाइल पुसून टाकली. मी तिला थांबवलं नाही. त्यानंतर शंका विचारायलाही ती दुसऱ्या शिक्षिकेकडे जाऊ लागली.

उपयोग विचारणारा माणूस नेहमी शहाणा दिसतो. मत्सर झाकायला याहून बरं पांघरूण मला तरी सापडलेलं नाही. तिच्या वयाचा असताना असाच प्रोग्रॅम लिहिण्यात मी उन्हाळ्याची अख्खी सुट्टी घालवली होती. मला तो जमला नव्हता.