डिलीट केलेलं सांभाळणारा

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात फाइल सर्व्हर सांभाळणारे एक मालवणी गृहस्थ आहेत. नवा सर्व्हर घ्यायचं ठरलं तेव्हा ते वही घेऊन एकेका डेव्हलपरच्या टेबलाशी यायचे आणि उडप्याच्या वेटरसारखे उभे राहायचे. "काय व्हया?"

मी म्हटलं, ब्राउझरमध्ये उघडला पाहिजे. नेट गेलं तर अपलोड पहिल्यापासून करायला लागू नये. क्लायंटला लिंक देता आली पाहिजे. प्रत्येक मागणीला ते मान खालीच ठेवून लिहायचे आणि म्हणायचे, "अजून?"

"डिलीट केलेल्या फाइली परत मिळाल्या पाहिजेत."

त्यांनी पेन कानावर ठेवलं. "त्यो आतापण गावतत. कोण इचारूकच येणा नाय."

वाकून त्यांनी माझ्या कीबोर्डवर काहीतरी टाइप केलं आणि तीन वर्षांत मी लिहून, घाबरून पुसून टाकलेले माझे राजीनामे स्क्रीनवर ओळीने उभे राहिले. चांगले सात!

नेमका तेव्हाच आमचा बॉस टेबलाशी आला. "काय चाललंय?"

गृहस्थ आपला सगळा देह घेऊन स्क्रीनच्या आडवे आले. "काही नाही सर, यांना काय काय हवंय ते लिहून घेतोय," ते शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाले.

बॉस गेल्यावर वही मिटत हळूच म्हणाले, "तिसरो बरो होतो. बाकीचे रडके हत."

आठवा मी कागदावर लिहिला. पण तपासायला दिला त्यांनाच.