डाव्या बाजूची गार सीट

"तक्रार न्हाई. रिपोर्ट हाय."

एवढं बोलून सुभेदार गाडीची किल्ली काउंटरवर ठेवायचे. काउंटरच्या कडेला ती अगदी समांतर येईपर्यंत बोटाने सरकवायचे, एक पाऊल मागे जाऊन बघायचे, आणि समाधान झालं की मगच पुढचं बोलायचे. पुढचं जे काही असायचं त्याला शोरूममधले आम्ही सगळे तक्रारच म्हणायचो. त्यांच्या पाठीमागे.

साताऱ्यात हायवेलगत विजेवर चालणाऱ्या गाड्यांचं आमचं शोरूम होतं. तिथे मी गाडी घेतलेल्या लोकांना फोन करून तुम्ही समाधानी आहात ना, असं विचारायचे. सुखी माणसाला फोन करून त्याच्या सुखाबद्दल शंका निर्माण करण्याचं हे काम मला जमायचं, कारण त्यात समोर तोंड नसतं. इंग्रजी शाळेत मी स्नेहसंमेलनात कायम पडद्यामागे असायचे, पण उच्चार चांगले होते. 'एक ते दहामध्ये किती गुण द्याल?' हे मी तिन्ही भाषांत न अडखळता विचारू शकते. दहा म्हणजे दहा, नऊ म्हणजे ठीक, आणि त्याखालचं काहीही आमच्या मॅनेजरांच्या लेखी शून्य.

सुभेदारांनी पहिल्याच फोनला सांगितलं, "मॅडम, तोंड बघितल्याबिगर रिपोर्ट द्यायचा नसतो. कॅन्टीनच्या दिवशी येतो."

आणि आले. ते पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनानगरच्या वाटेवरच्या एका गावात राहायचे. फौजेतून निवृत्त झालेले, थोडा ऊस, थोडं भात. महिन्यातून एकदा मिलिटरी कॅन्टीनचं सामान न्यायला साताऱ्याला यायचे आणि त्या दिवशी आमच्याकडे हजेरी ठरलेली. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला 'काय, बरं आहे ना?' असं सहज विचारलं तर तो खरंच उत्तर देतो. तसे ते.

त्यांनी गाडी निवडली तेव्हा मी तिथेच होते. त्यांच्या ऐपतीत दोन गाड्या बसत होत्या. एकीत मोठी बॅटरी आणि बाकी सगळं साधं. दुसरीत छोटी बॅटरी, पण वर सनरूफ, आत रंगीत दिवे, सायीसारख्या रंगाच्या सीटा आणि त्या सीटांना बारीक भोकं. आतला पंखा लावला की पाठीला गार वारं. दोन्ही एकत्र हवं असेल तर त्याहून मोठी गाडी घ्यायची, असं सेल्समनने फार प्रेमाने सांगितलं.

सुभेदारांनी ब्रोशर नकाशासारखं टेबलावर पसरलं. त्यात एक मुलगी सनरूफमधून कमरेपर्यंत बाहेर आली आहे, केस उडताहेत, मागे समुद्र. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"हिला पोलीस धरत न्हाईत?"

"ते फोटोपुरतं आहे, सर," सेल्समन म्हणाला.

"मग गाडीत कशापुरतं हाय?"

सेल्समनने विषय बदलून सीटचा पंखा लावून दाखवला. सुभेदारांनी त्या भोकांवर तळहात धरला. "ही दोन्हीकडं गार हुती का चालवनाऱ्याचीच?"

"दोन्हीकडं, सर."

थोड्या वेळाने, सनरूफची माहिती चालू असताना मधेच, "डावीकडं नक्की हुती न्हवं?"

गाडी चालवणारा माणूस डाव्या सीटची एवढी चौकशी का करतो, हा प्रश्न सेल्समनला पडला नाही. त्याला महिन्याचं टार्गेट होतं. मला नव्हतं, आणि बोलायची सवय नसली की माणूस बघतो फार. छोट्या बॅटरीवर बोट ठेवताना सुभेदारांनी खिडकीबाहेर पाहिलं. आई घरी नसताना फ्रीज उघडणारी मुलं असंच बघतात.

मग रिपोर्ट सुरू झाले.

"रंगीत दिवं. लय भारी. गाडीत बसलो की लग्नाच्या हॉलमधी बसल्यागत वाटतंय. नवरा-नवरीच न्हाईत."

"घाटातनं खाली उतरलो की बॅटरी वाढती. धरणवाल्यांचं गुपित मला घावलंय."

"परवा भूकंपाचा बारका धक्का बसला. गावात पयली बोंब आमच्या गाडीनं मारली. कुत्री मागनं भुकली."

"सायीच्या रंगाच्या सीटा. पाऊस, चिखल, ऊस. काय बोलायचं न्हाई."

"बोला की, सर," मी म्हणाले.

"न्हाई. घेतलं ते घेतलं." आणि किल्ली पुन्हा सरळ.

गुण मात्र कायम सात. मॅनेजरांनी त्यांना एकदा केबिनमध्ये नेऊन चहा पाजला आणि दहाचं महत्त्व समजावलं. सुभेदार चहा संपवून म्हणाले, "फौजेत दहा कुनालाच देत न्हाईत. दहा दिलं की मानूस सुस्त हुतो." मॅनेजर त्या दिवशी दुपारी जेवले नाहीत.

माझ्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न मी टाळायचे: 'कुटुंबातील इतर सदस्य गाडीबद्दल समाधानी आहेत का?' त्याची उत्तरं फार लांब येतात. पण एकदा गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून विचारला.

सुभेदारांनी सरळच असलेली किल्ली सरळ केली. "मंडळी अजून बसल्याली न्हाईत."

गाडी घेऊन उन्हाळा सरला होता, पावसाळा सरत आला होता. न बोलण्यात माझा हातखंडा आहे, आणि त्यापुढे लोक आपोआप बोलतात.

त्यांच्या घराण्याचा देव म्हसवडचा सिद्धनाथ. घरात नवी बैलजोडी आली, ट्रॅक्टर आला, मोटरसायकल आली, तरी ती आधी देवाला दाखवायची. त्याआधी घरच्या लक्ष्मीने त्यात पाय ठेवायचा नाही. आणि देवाला निघालेलं वाहन वाटेत थांबवायचं नाही, हा त्यांच्या वडिलांचा दंडक. पाटणच्या वरून म्हसवड म्हणजे जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक. मोठी बॅटरी एका दमात गेली असती. छोटी मध्येच कुठेतरी मान टाकणार, हे त्यांनी हिशेब करून पाहिलं होतं.

"मंडळींनी एकच सांगितलं हुतं," ते हळू आवाजात म्हणाले. "बाकी काय बी घेऊ नका, लांब जानारी घ्या."

"मग?"

"ऑपरेशन झाल्यापास्नं तिला उकाडा सोसत न्हाई. एसटीत चक्कर येती. म्हनलं, पाठीला गार लागंल."

"त्यांना माहीत आहे का, छोटी बॅटरी घेतलीय ते?"

"मोठीच हाय म्हनून सांगितलंय. नव्या गाडीचं रनिंग बसायचं हाय, मग जाऊ, असं म्हनतोय." मग त्यांनी घसा साफ केला. "ही तक्रार न्हाई."

अशी त्यांची अवस्था. जिच्यासाठी डावी सीट गार करून घेतली ती एसटीत घामाघूम होत दवाखान्याला जायची, आणि त्याच रस्त्याने हे रिकाम्या गार सीटशेजारी बसून कॅन्टीनला यायचे. शोरूममध्ये ही गोष्ट पसरली, मी कोणाला सांगितली नव्हती तरी. उघड्या काउंटरचा हाच फायदा. मॅनेजरांनी उपाय काढला की गाडी ट्रकवर चढवून म्हसवडला न्यावी, वाटेत थांबायला नको. सुभेदारांनी त्यावर खरंच विचार केला. मग म्हणाले, "देव म्हनंल, मढं आनलं का."

दिवाळीच्या आधी एका कॅन्टीनच्या दिवशी त्यांनी गाडी चार्जिंगला लावली आणि ते मागे केबलपाशी उभे राहिले. केबल लावून चहाला जाणं त्यांना पहारा सोडल्यासारखं वाटायचं. तेवढ्यात काचेचं दार ढकलून एक बाई आत आल्या. बारीक अंगाच्या, हातात औषधांची पिशवी, कपाळ पदराने टिपत. सरळ माझ्यासमोर आल्या.

"तू ती मार्क मागनारी पोरगी का?"

मी मान हलवली.

"मी सुभेदारांच्या घरची. एक सांग. आमच्या गाडीला बॅटरी मोठी हाय का ल्हान?"

मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "ग्राहकांची माहिती आम्ही दुसऱ्यांना देत नाही."

"दुसऱ्यांना?" त्या खुर्चीत बसल्या. "त्यांची पेन्शन मला म्हाईत. दाढा किती पडल्या ते म्हाईत. आन् बॅटरी तेवढी खाजगी?"

यावर कंपनीने आम्हाला कोणतंही वाक्य दिलेलं नाही.

"कळलं मला," त्या म्हणाल्या. "तू नगं सांगूस. सरहद्दीवर हुते तवा बर्फात पाय सुजल्यालं असायचं आन् फोनवर म्हनायचे, सगळं ठीक हाय. ह्यांचं खोटं वळखायला मला काय रिपोर्ट लागत न्हाई."

सुभेदार मागच्या दाराने आत आले, त्यांना बघून जागच्या जागी थांबले आणि नकळत ताठ झाले.

"आवं," त्या म्हणाल्या, "म्हसवडाला कवा जायचं?"

"रनिंग..."

"ते राहू द्या. मामंजींनी खिलारी जोडी आनली, तवा म्हसवडाला न थांबता गेलते व्हय?"

"न थांबताच. दंडकच हाय आपला."

"मी हुते मागनं दुसऱ्या गाडीत. दोन ठिकानी बैलं सोडली. पानी दाखवलं, वैरण टाकली, मग जुपली. न थांबता म्हंजी वाटंत कुनाच्या दारात चहा-जेवनाला थांबायचं न्हाई, देवाच्या आधी पाव्हना व्हायचं न्हाई. मुक्या जनावराला उपाशी पळवा, असं कवा म्हनले मामंजी?"

"ते बैल हुतं."

"आन् हे काय हाय? शेन टाकत न्हाई एवढंच. वाटंवर दहिवडीत दावं लावा, खाऊ द्या पोटभर, मग हाना पुढं."

केबलला दावं म्हणतात हे आमच्या कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं. आयुष्यभर सुभेदारांनी हुकूम ऐकला तसा पाळला होता. हुकुमाला अर्थही असतो, ही बातमी त्यांना उशिरा मिळत होती.

"सीट गार हाय," शेवटी ते म्हणाले. "डावीकडची."

"मला इचारलं हुतं?"

"न्हाई."

"आन् छपराला भोक कशाला पाडून घेतलंय?"

"ते संगं आलं."

त्या उठल्या. सुभेदार चटकन पुढे होऊन म्हणाले, "चल, सोडतो घरी."

"देवाच्या आधी?" त्यांनी असं पाहिलं, की मीही खुर्चीत सरळ बसले.

मग आम्ही सगळ्यांनी काचेतून ते दृश्य पाहिलं. बाईंनी हात करून एसटी थांबवली आणि चढल्या. एसटी निघाली. तिच्या मागे, योग्य अंतर राखून, सुभेदारांची पांढरी गाडी निघाली. पुढे घामाची एसटी, मागे रिकामी गार सीट. नंतर कळलं की प्रत्येक थांब्यावर तेही थांबत गेले.

म्हसवडच्या रथाच्या जत्रेला ते गेले. हे मला त्यांच्या पुढच्या रिपोर्टवरून कळलं. खरं तर त्याच्याही आधी कळलं असतं, कारण गाडीतून उतरलेल्या सुभेदारांचा पांढरा शर्ट मागून गुलाबी होता.

"मंडळी एसटीनं आली, देवाला दाखवल्यावर गाडीत बसली. गर्दीत रथ दिसंना," ते म्हणाले. "मंडळी म्हनली, भोक पाडून घेतलंय तर उघडा की. उघडलं. वरनं गुलाल आला. खोबरं बी आलं."

आमच्या सर्व्हिसवाल्याने गाडीचं दार उघडलं आणि तो क्षणभर देवळात आल्यासारखा उभा राहिला. सायीच्या रंगाच्या सीटा आता सायीच्या राहिल्या नव्हत्या. गुलाल बारीक भोकांतून खोल उतरला होता, आणि सीटचा पंखा लावला की पाठीवर मंद गुलाबी वारं यायचं. सीटा उसवून साफ कराव्या लागतील, असं त्याने सांगितलं.

"कशाला? बंद हाय का पंखा?"

"चालू आहे, पण गुलाल..."

"मंडळींनी नगं म्हनलंय. देवाचा हाय, जाईल तवा जाईल." मग माझ्याकडे वळून, "नोंद घ्या. तक्रार न्हाई."

मी गुण विचारले.

"माझं सात. तिनं आठ दिल्यात. एक छपराच्या भोकाचा कापला, एक मी खोटं बोललो त्याचा."

"आणि गार सीट?"

त्यांनी किल्ली सरळ करायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. "परतीला दहिवडीच्या आधीच झोपली हुती," ते म्हणाले. "कराडपातूर उठली न्हाई. दहिवडीत मी गाडी चारून घेतली, ते बी तिला कळलं न्हाई."

मी आठ लिहिले. मॅनेजरांनी त्या आठाकडे दु:खाने पाहिलं.

त्यानंतर सुभेदार शोरूममध्ये आले नाहीत. कॅन्टीनचे दिवस येत गेले. एकदा फोन केला तर बाईंनी उचलला. "ते व्हय? मला घेऊन माहेरला निघाल्यात, गाडी काढत्यात. मार्क काय वाढल्यालं न्हाईत, पोरी. ठिवते." मॅनेजर म्हणाले, सुटलो एकदाचे. काउंटरवर गिऱ्हाइकं किल्ल्या कशाही फेकत होती आणि कधी कधी मीच उठून त्या सरळ करत होते. पुढे माझी बदली सांगलीच्या शाखेत झाली. तिथली माणसं विचारताच दहा देतात आणि फोन ठेवतात. सगळे अत्यंत समाधानी आहेत. चेहरा एकाचाही आठवत नाही.

या मार्चमध्ये मी एसटीने सांगलीहून साताऱ्याला घरी येत होते. कराडच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, बस अडकली. खिडकीतून बाजूच्या हॉटेलचं आवार दिसत होतं. कोपऱ्यात चार्जिंगचा खांब, खांबाला ती पांढरी गाडी, आणि केबलपाशी दोन्ही हात मागे बांधून सुभेदार उन्हात उभे. काचा बंद. आत डावीकडे पदराचं टोक दिसत होतं, गुलाबी का मुळातच तसं, ते कळलं नाही.

तेवढ्यात सनरूफ सरकलं. त्यातून हिरव्या बांगड्यांचा एक हात वर आला. हातात भाकरीचा चतकोर, त्यावर ठेचा. सुभेदारांनी आधी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग तो घेतला. हात खाली गेला, छप्पर थोडं मिटलं. मग पुन्हा उघडलं आणि कांदा वर आला.

हाक मारावी असं वाटलं. बस हलेपर्यंत मी ती मारली नाही, यात माझ्या ओळखीच्या कोणालाच आश्चर्य वाटणार नाही. पण मान वळवून दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले. ब्रोशरमधली ती केस उडवणारी मुलगी मला आठवली. तिच्या हातात काहीच नव्हतं.