समाधानचं विमान

वारूळवाडीच्या चांगदेव खरातांना आताशा नारायणगावच्या बाजारात पाऊल टाकायचाच कंटाळा यायचा. पिशवी टेकवायची खोटी, की कुणीतरी विचारणारच, "काय भाऊ, विमानाचं काय निघालं?" दोन वर्षं हेच! म्हातारा थकून तेच सांगायचा, "मशीन बिघडलं व्हतं." आणि मनात म्हणायचा, तसंच निघू दे रे बाबा.

त्यांचा समाधान को-पायलट होता, अख्ख्या वस्तीतला पहिला. धुक्यात उतरताना धावपट्टीच्या अलीकडंच विमान टेकडीवर आपटलं. समाधान गेला, बरोबर शंभरावर माणसं गेली. त्यातलं एकही आपल्या पोरापायी गेलं नसावं, एवढंच म्हाताऱ्याला ऐकायचं होतं.

२००१च्या उन्हाळ्यात चौकशीचा अहवाल आला, सगळा इंग्रजीत. धाकटी लेक साक्षी वाचून मराठीत सांगत गेली. मशीन धडधाकट होतं. चूक चालवणाऱ्यांची.

"चालवत कोन व्हतं?"

"कॅप्टन, आबा. दादानं विचारलं त्यांना, 'सर, आपण जरा खाली आहोत का?' ते म्हणाले, 'असू दे, मला दिसतंय.'"

"मंग?"

"मग दादा बोललाच नाही. चाळीस सेकंद होते हातात. विमान वर घ्या म्हणून ओरडायला हवं होतं, असं लिहिलंय."

चांगदेव भिंतीला टेकले.

समाधान सातवीत असताना मास्तरांचं फळ्यावरचं गणित चुकलं होतं. पोरानं उठून सांगितलं. मास्तरांनी दटावलं, तरी हा पठ्ठ्या पुन्हा उठला. स्कॉलरशिपच्या फॉर्मवर सही मास्तरांचीच लागायची, चांगदेवांची पार गाळण उडाली. संध्याकाळी पोराला मास्तरांच्या दारात नेऊन पाया पडायला लावलं आणि येताना बजावलं, "साहेब लोकांना एकदाच सांगावं, हळू सांगावं, मंग गप बसावं. आपल्याला मोठं व्हायचंय." झालं की हो पोरगं मोठं! बापाचा शब्द कधी मोडला नाही त्यानं.

"जानके," चांगदेव बायकोला म्हणाले, "त्या मास्तरांच्या गणिताचं आठवतं का गं तुला?"

जानकाबाईंनी निवडत असलेलं तांदळाचं सूप बाजूला सारलं.

"आठवतं की. मीबी व्हते तिथं. दारातबी त्यो पुन्यांदा सांगाया लागला व्हता," त्या म्हणाल्या. "तुमी त्याच्या तोंडावर हात ठिवला."