नळाचा आवाज

डॅरिल फ्रीझनला माणसांची नावं फार छान लक्षात राहतात, आणि त्याचा त्याला भारी अभिमान. कॉलेजच्या आइस हॉकी संघातल्या पोरांचीच काय, त्यांच्या आयांची, बहिणींची आणि कुत्र्यांचीही नावं त्याला पाठ. "कोच, तुम्ही जनगणनेत जायला हवं होतं," पोरं म्हणतात.

हा अभिमान उगाच नाही. त्याच्याबरोबर नऊ हंगाम व्यावसायिक हॉकी खेळलेला रिक हल्ली स्वतःच्या मुलीला "बाई, आपण कोण?" असं विचारतो. बर्फावर डोकं आपटलं तरी 'काही झालं नाही' म्हणत उठायचं, ही आमच्या खेळातली मर्दुमकी. शुद्ध गाढवपणा, दुसरं काय!

डॅरिल वाचला तो ओल्हामावशीमुळे. सोळाव्या वर्षी घर सोडून लांबच्या गावच्या संघात खेळायचं आणि तिथल्याच एखाद्या कुटुंबात राहायचं, ही आमच्याकडची रीत. त्याच्या वाट्याला ही युक्रेनी बाई आली. सतराव्या वर्षी, मोठ्या क्लबांची माणसं खेळाडू हेरायला येणार त्याच सकाळी, तो न्हाणीघरात नळ मोठा सोडून ओकत होता. आदल्या सामन्यात डोकं मैदानाभोवतीच्या फळीवर आदळलं होतं. मावशीनं दाराबाहेरून ऐकलं आणि सरळ त्याच्या कोचला फोन लावला. ती संधी हुकली ती हुकलीच. पुढे तो खेळला, पण खालच्या लीगमध्ये. अकरा वर्षं त्यानं मावशीचं तोंड पाहिलं नाही. मग एकदा सामन्यासाठी त्याच गावात आले असताना रिक संघाच्या हॉटेलचा रस्ता विसरला, तेव्हा डॅरिल गुपचूप तिच्या दारात जाऊन उभा राहिला. "बूट बाहेर काढ," एवढंच ती म्हणाली. त्या फोनचा विषय दोघांनीही काढला नाही.

या मार्चमध्ये, डॅरिल कोच झाल्यापासून पहिल्यांदाच, संघ अंतिम सामन्यात पोचला. दुपारी पोरं स्केट्स बांधत होती, पण कप्तान ब्रॉक कुठे दिसेना. न्हाणीघराचं दार बंद होतं आणि आत नळ मोठा सोडलेला. डॅरिल दाराशी थांबला. नळ काही बंद होईना.

ब्रॉक स्केट्स घालूनच तोंड पुसत बाहेर आला.

"काल सरावात पडलास. तेव्हापासून किती वेळा ओकलास?"

"एकदाच... जेवण बाधलं, कोच."

'असेल बाबा बाधलं,' असं म्हणून मोकळं व्हावं, हे डॅरिलच्या अगदी ओठांवर आलं होतं. चषक त्यालाही हवा होता.

"स्केट्स काढ. डॉक्टरांकडे जायचंय."

"कोच, पाया पडतो! मोठ्या क्लबची माणसं आलीत आज, माझ्यासाठी!"

"माहीत आहे. काढ."

"उभ्या जन्मात माफ करणार नाही तुम्हाला!"

"नको करूस," डॅरिल म्हणाला आणि खाली वाकून स्वतःच त्याच्या नाड्या सोडू लागला.

मेंदूला मार बसल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. संघ एक-चारनं हरला. संध्याकाळी ब्रॉकच्या आईचा फोन आला. ती बराच वेळ रडत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॅरिल मावशीच्या स्वयंपाकघरात बसला होता. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही तिनं बटाट्याच्या पेरोगी, म्हणजे तिकडच्या उकडलेल्या करंज्या, स्वतः केल्या होत्या, वर कांदा परतून.

"हरलास म्हणे."

"हरलो."

"आणि पोरगा?"

"शिव्या घालतोय मला."

"घालू दे. तू काय आरती ओवाळलीस माझी?"

डॅरिल हसला नाही. "त्याच्या आईनं फोन करून आभार मानले, मावशी. ते माझे नव्हेत, तुझे आहेत. म्हणून घेऊन आलोय." त्यानं काटा ताटात ठेवला. "आणि माझेही."

मावशीनं पदर नव्हता म्हणून बाहीनं डोळे टिपले आणि त्याच्या ताटात आणखी दोन पेरोगी टाकल्या.

"चाळीस वर्षं लागली रे गधड्या, एवढं बोलायला! खा आता, गार होतंय."